चिंताशामक औषधे आणि मानवी प्रतिकारक पेशींमधील दाहजनक संकेतन : एक विवेचन

१. प्रस्तावना

चिंताविकारावरील औषधे मेंदूवर कार्य करतात, ही सर्वसाधारण समजूत चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. गोळीतील औषध आतड्यातून रक्तात शोषले जाते, रक्तावाटे सर्व शरीरात पसरते आणि त्याचा काही अंश मेंदूत पोहोचतो. या प्रवासात रक्तातील श्वेतपेशींशी, फुप्फुसातील व यकृतातील भक्षक पेशींशी त्याचा अखंड संपर्क येतो. या पेशींच्या पृष्ठभागावर किंवा अंतर्भागात त्या औषधाला ओळखणारे रेणू असतील, तर औषधाचा परिणाम मेंदूपुरता मर्यादित राहील असे मानण्यास आधार उरत नाही.

हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णाला शांत ठेवण्यासाठी मिडाझोलाम दिले जाते. निद्रानाश व अस्वस्थता यांसाठी अनेक वृद्ध व्यक्ती दीर्घकाळ बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या घेत असतात. या दोन्ही गटांना जंतुसंसर्गाचा धोका मुळातच अधिक असतो. ही औषधे दाह कमी करीत असतील, तर ती उपकारक की अपायकारक, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण दाह ही व्याधीही आहे आणि संरक्षणही आहे.

प्रस्तुत लेखात या विषयातील मूलभूत संकल्पना, प्रयोगशाळेतील महत्त्वाचा पुरावा, त्या पुराव्याच्या मर्यादा आणि रुग्णांच्या संदर्भातील त्याचा अर्थ यांचे क्रमाने विवेचन केले आहे.

२. दाहजनक संकेतन : संकल्पना

शरीरात जंतूंचा प्रवेश झाला किंवा ऊतींना इजा झाली की प्रतिकारक पेशींना त्याची जाणीव होते. ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्यावरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ याचे उत्तम उदाहरण होय. मोनोसाइट व महाभक्षी पेशींवरील ‘टोल-सदृश ग्राही ४’ हा रेणू त्याची ओळख पटवितो. या ग्राहीचे कार्य उलगडणारे ब्रूस ब्यूटलर २०११ च्या नोबेल पुरस्काराच्या मानकऱ्यांपैकी एक आहेत.

ग्राहीला उद्दीपन मिळताच पेशीच्या आत प्रथिनांची एक साखळी कार्यान्वित होते. या साखळीच्या टोकाशी ‘एनएफ-कप्पा-बी’ हा लेखन-नियंत्रक घटक असतो. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये त्याचे वर्णन केले. विश्रांत अवस्थेत हा घटक एका रोधक प्रथिनाने पेशीद्रवात अडवून धरलेला असतो. संकेत पोहोचला की रोधक प्रथिनाचे विघटन होते, घटक मोकळा होऊन केंद्रकात शिरतो आणि दाहजनक जनुके कार्यरत करतो. परिणामी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१-बीटा, इंटरल्युकिन-६ इत्यादी सायटोकाइने तयार होतात. त्यांच्यामुळे ताप येतो, रक्तवाहिन्यांची पारगम्यता वाढते आणि इतर श्वेतपेशी घटनास्थळी ओढल्या जातात.

या यंत्रणेला लगामही असतो. इंटरल्युकिन-१० हे सायटोकाइन दाह आटोक्यात ठेवते. म्हणून एखाद्या औषधाचा ‘दाहशामक’ परिणाम तपासताना केवळ टीएनएफ-अल्फा किती घटले हे पाहून भागत नाही. इंटरल्युकिन-१० चे काय झाले, तसेच पेशीची जंतू गिळण्याची व मारण्याची क्षमता टिकली की नाही, हेही पाहावे लागते.

३. प्रतिकारक पेशींवरील औषधांची स्थाने

‘चिंताशामक’ ही संज्ञा उपयोगावरून पडलेली आहे, रासायनिक रचनेवरून नव्हे. त्यामुळे या नावाखाली येणारी औषधे परस्परांहून अगदी भिन्न स्थानांवर कार्य करतात.

(अ) गाबा-ए ग्राही : लिओ स्टर्नबाक यांच्या संशोधनातून निर्माण झालेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये आणि डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. ही औषधे नेमकी कोठे बसतात याचा उलगडा मात्र १९७७ मध्ये झाला. मेंदूतील गाबा हा शामक चेतापारेषक ज्या ग्राहीवर बसतो, त्याच ग्राहीवर शेजारच्या जागी बेंझोडायझेपिन बसते आणि गाबाचा परिणाम वाढविते. हा ग्राही पाच उपघटकांनी बनलेली, क्लोराइड आयनांना वाट देणारी वाहिनी आहे.

गाबाचे ग्राही मानवी लिंफोसाइट व मोनोसाइट यांतही आढळतात. इतकेच नव्हे, तर प्रतिकारक पेशी स्वतःही गाबा तयार करू शकतात. २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार बी-लिंफोसाइट गाबाचा स्राव करतात आणि त्याच्या प्रभावाने मोनोसाइटांचे रूपांतर इंटरल्युकिन-१० निर्माण करणाऱ्या महाभक्षी पेशींत होते. म्हणजेच गाबा हा प्रतिकारसंस्थेचाही एक नैसर्गिक लगाम ठरतो.

येथे एक महत्त्वाची अट लक्षात घ्यावी लागते. बेंझोडायझेपिनला बसण्यासाठी ग्राहीत अल्फा व गॅमा या उपघटकांमधील खाच आवश्यक असते. मानवी रक्तपेशींत ‘रो’ प्रकारचे उपघटकही ठळकपणे आढळले आहेत. त्यांपासून बनलेल्या वाहिनीवर गाबाचा परिणाम होतो, पण डायझेपामचा होत नाही. म्हणून ‘गाबा दाह कमी करतो, बेंझोडायझेपिन गाबाचा परिणाम वाढविते, सबब बेंझोडायझेपिन दाह कमी करते’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसला, तरी प्रत्येक पेशीप्रकारासाठी तो स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

(आ) टीएसपीओ : १९७७ मध्येच डायझेपाम मूत्रपिंडासारख्या मेंदूबाह्य ऊतींतही एका वेगळ्या स्थानाला चिकटते, असे दिसून आले. त्याला प्रथम ‘परिघीय बेंझोडायझेपिन ग्राही’ म्हटले गेले. पुढे २००६ मध्ये ‘ट्रान्सलोकेटर प्रोटीन’, संक्षेपाने टीएसपीओ, हे नाव स्वीकारण्यात आले. हे प्रथिन तंतुकणिकेच्या बाह्यपटलात असते आणि मोनोसाइटांत विपुल आढळते. कोलेस्टेरॉलच्या वहनात व स्टेरॉइडनिर्मितीत ते अनिवार्य आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु २०१४ मध्ये या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर व्यवस्थित जगतात व त्यांची स्टेरॉइडनिर्मितीही चालू राहते असे दिसल्याने ती धारणा वादग्रस्त ठरली.

दोन्ही स्थानांतील भेद ओळखण्याची सोय औषधशास्त्राने उपलब्ध करून दिली आहे. क्लोनाझेपाम गाबा-ए ग्राहीला घट्ट चिकटते, पण टीएसपीओला क्षीणपणे. ४-क्लोरोडायझेपामचे वर्तन नेमके उलट आहे. डायझेपाम दोन्हींना चिकटते. एखादा परिणाम यांपैकी कोणत्या औषधाने होतो व कोणत्याने होत नाही, यावरून तो कोणत्या स्थानातून घडतो याचे अनुमान करता येते.

(इ) सेरोटोनिन व सिग्मा-१ : आज चिंताविकाराच्या दीर्घकालीन उपचारात सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखणारी औषधे प्रथम पसंतीची मानली जातात. सेरोटोनिनचा वाहक व त्याचे अनेक ग्राही प्रतिकारक पेशींतही असतात. याखेरीज फ्लुवॉक्सामिन हे याच गटातील औषध आंतर्द्रव्यजालिकेवरील सिग्मा-१ ग्राहीला चिकटते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हा ग्राही आंतर्द्रव्यजालिकेतील ‘आयआरई-१’ या संवेदकाला आवर घालतो व त्यामुळे सायटोकाइनांची निर्मिती मर्यादित राहते, असे दाखविण्यात आले.

(ई) बीटा-ग्राही : सभेत बोलताना होणारी धडधड व कंप आवरण्यासाठी प्रोप्रानोलॉल दिले जाते. त्याचा परिणाम वरील औषधांच्या उलट दिशेनेही होऊ शकतो. ॲड्रेनॅलिन मोनोसाइटांवरील बीटा-ग्राहींमार्फत पेशीतील चक्रीय एएमपी वाढविते आणि टीएनएफ-अल्फाची निर्मिती रोखते. प्रोप्रानोलॉल हे ग्राही अडविते. म्हणजे या ठिकाणी ते दाहाचा लगाम सैल करू शकते. चिंता शमविणारे प्रत्येक औषध दाहही शमवील, हे गृहीतक येथेच कोसळते.

४. प्रयोगशाळेतील पुरावा

या विषयातील प्रयोगांची पद्धत सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते. निरोगी दात्याचे रक्त घेऊन ते घनताभेदाच्या आधारे अपकेंद्रित केले जाते व त्यातून एककेंद्रकी पेशी वेगळ्या केल्या जातात. त्यांना औषधाच्या विविध संहतींच्या सान्निध्यात ठेवून लिपोपॉलिसॅकराइडने उद्दीपित करतात. काही तासांनंतर द्रावणातील सायटोकाइने एलायझा पद्धतीने मोजतात, तर एनएफ-कप्पा-बीच्या रोधक प्रथिनाचे विघटन प्रथिन-पट्ट तंत्राने तपासतात.

या प्रकारच्या प्रयोगांतून मिळालेले निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. १९८५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मायकेल रफ, कँडेस पर्ट व सहकाऱ्यांनी बेंझोडायझेपिनच्या प्रभावाने मानवी मोनोसाइट त्या पदार्थाच्या दिशेने सरकतात, असे दाखविले. हा परिणाम परिघीय ग्राहीमार्फत घडत होता. येथे औषधाने पेशीला शांत केले नाही, तर चालना दिली. याउलट १९९० मध्ये झवाला व सहकाऱ्यांनी बेंझोडायझेपिन दिलेल्या उंदरांच्या भक्षक पेशींत इंटरल्युकिन-१, टीएनएफ व इंटरल्युकिन-६ यांची निर्मिती घटल्याचे नोंदविले. २००६ मध्ये उंदराच्या महाभक्षी पेशींच्या संवर्धित वाणावर केलेल्या प्रयोगात मिडाझोलाममुळे एनएफ-कप्पा-बीच्या रोधक प्रथिनाचे विघटन मंदावल्याचे आढळले.

सेरोटोनिनशी संबंधित औषधांबाबत मानवी रक्तावरील पुरावा अधिक सुसंगत आहे. १९९६ मध्ये मानवी मोनोसाइटांवर झालेल्या अभ्यासात त्रिचक्रीय विषादरोधक औषधांनी इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-१-बीटा व टीएनएफ-अल्फा यांचा स्राव घटविला. १९९९ मध्ये मायकेल मास व सहकाऱ्यांनी उद्दीपित मानवी रक्तात क्लोमिप्रामिन, सर्ट्रालिन व ट्रॅझोडोन यांच्यामुळे इंटरफेरॉन-गॅमा व इंटरल्युकिन-१० यांचे गुणोत्तर घटते, म्हणजे पारडे दाहविरोधी बाजूला झुकते, असे दाखविले.

५. संहतीचा प्रश्न

अशा निष्कर्षांचे मूल्यमापन करताना सर्वांत निर्णायक, तरीही सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे औषधाची संहती होय. डायझेपामचे उदाहरण घेऊन हा मुद्दा स्पष्ट करता येईल.

डायझेपामचे रेणुवस्तुमान सुमारे २८५ आहे. म्हणून १ मायक्रोमोलार द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे २८५ नॅनोग्रॅम औषध असते. उपचाराच्या नेहमीच्या मात्रेत रक्तद्रवातील डायझेपाम साधारणतः २०० ते १,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे सुमारे ०.७ ते ३.५ मायक्रोमोलार असते. परंतु यांपैकी जवळजवळ ९८ टक्के औषध रक्तातील प्रथिनांना बांधलेले असते आणि पेशींवर कार्य करण्यास उरलेले दोन टक्केच मोकळे असते. म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्षम संहती सुमारे १४ ते ७० नॅनोमोलार इतकीच होय.

संवर्धन-पात्रात मात्र अनेकदा १० ते १०० मायक्रोमोलार औषध वापरले जाते आणि तेथील माध्यमात प्रथिने रक्ताच्या तुलनेत फारच कमी असतात. रुग्णाच्या पेशींना मिळणाऱ्या मोकळ्या औषधापेक्षा ही संहती शंभर ते काही हजार पट अधिक ठरते. गाबा-ए ग्राही व टीएसपीओ या दोन्हींना डायझेपाम नॅनोमोलार श्रेणीतच चिकटते. तेव्हा ज्या परिणामासाठी दहा मायक्रोमोलारहून अधिक औषध लागते, तो या ग्राहींमार्फत घडला असे म्हणणे अवघड होते. तो पेशीपटलातील भौतिक बदलामुळे किंवा सौम्य विषाक्ततेमुळेही असू शकतो. मरणासन्न पेशी सायटोकाइने कमीच तयार करते. ती दाहशमनाची खूण नव्हे. म्हणून अशा प्रयोगात पेशींची जीवनक्षमता स्वतंत्रपणे मोजलेली असणे आवश्यक ठरते.

या गणिताला एक दुसरी बाजूही आहे. यांपैकी बहुतेक औषधे मेदस्नेही आहेत. काही औषधे, विशेषतः आम्लारिधर्मी विषादरोधके, लयकारिकांमध्ये साठून राहतात; त्यामुळे पेशीच्या आतील संहती रक्तद्रवातील संहतीहून बरीच अधिक होऊ शकते. तात्पर्य, वरील गणित हा अंतिम निवाडा नसून पहिली कसोटी आहे.

६. उंदीर आणि मानव

दुसरी मर्यादा प्राणिभेदाची आहे. दाहाच्या वेळी मेंदूतील सूक्ष्मश्लेषपेशींत टीएसपीओचे प्रमाण वाढते, या समजुतीवर मेंदूतील दाहाचे पॉझिट्रॉन-आधारित प्रतिमांकन अनेक वर्षे उभे होते. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात दाहजनक उद्दीपनानंतर उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पेशींत टीएसपीओ वाढत असले, तरी मानवी पेशींत ते वाढत नाही, असे आढळले. पुढे २०२३ च्या व्यापक अभ्यासाने या भेदाला पुष्टी दिली. याशिवाय मानवांत टीएसपीओच्या जनुकात एक सर्वपरिचित भेद आहे. प्रथिनातील १४७ व्या स्थानी ॲलॅनिनऐवजी थ्रिओनिन आल्यास अनेक औषधरेणू त्याला कमी घट्टपणे चिकटतात. सबब उंदरावरील निष्कर्ष मानवाला, आणि एका मानवावरील निष्कर्ष दुसऱ्याला, जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे ठरते.

७. रुग्णांच्या संदर्भातील अर्थ

दाहशमन सदैव हितकारक नसते, हे २०१३ मध्ये रॉबर्ट सँडर्स व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. न्यूमोनियाच्या जीवाणूंचा संसर्ग केलेल्या उंदरांना डायझेपाम दिले असता मृत्यूचे प्रमाण वाढले. महाभक्षी पेशींतील गाबा-ए संकेतन वाढल्यामुळे त्यांचा सायटोकाइन स्राव व जंतू गिळून मारण्याची क्षमता घटली होती. त्याच सुमारास ब्रिटनमधील रुग्णनोंदींवर आधारित अभ्यासात बेंझोडायझेपिन घेणाऱ्यांत न्यूमोनियाची शक्यता सुमारे दीडपट असल्याचे आढळले.

हे दोन निष्कर्ष एकमेकांशी जुळतात, परंतु एकमेकांना सिद्ध करीत नाहीत. बेंझोडायझेपिनमुळे गुंगी येते, खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि अन्नकण श्वासनलिकेत जाण्याची शक्यता वाढते. यांमुळेही न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय ज्यांना ही औषधे दिली जातात ते रुग्ण मुळातच अधिक आजारी असू शकतात. निरीक्षणात्मक अभ्यासातून सहसंबंध कळतो. कार्यकारणभाव त्यातून आपोआप निघत नाही.

फ्लुवॉक्सामिनचा इतिहास या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. सिग्मा-१ ग्राहीवरील प्रयोगांच्या आधारे कोविड-१९ च्या साथीत हे औषध आजमावण्यात आले. २०२० मध्ये अमेरिकेत १५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत औषध घेतलेल्या ८० पैकी एकाचीही प्रकृती खालावली नाही. निष्क्रिय गोळी घेतलेल्या ७२ पैकी सहा जणांची खालावली. ब्राझीलमधील सुमारे १,५०० रुग्णांच्या चाचणीत दीर्घकाळ निरीक्षणाखाली ठेवावे लागण्याचे किंवा मोठ्या रुग्णालयात हलवावे लागण्याचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. आशा पल्लवित झाल्या. परंतु मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आपत्कालीन वापराची परवानगी नाकारली. त्याच वर्षीच्या व २०२३ मधील अमेरिकी चाचण्यांत प्रथम कमी मात्रेने आणि नंतर ब्राझीलमधील मात्रेइतक्या मात्रेनेही अपेक्षित लाभ दिसला नाही. ब्राझीलमधील चाचणीपेक्षा या चाचण्यांतील रुग्णांत लसीकरण झालेल्यांचे प्रमाण बरेच मोठे होते, हेही लक्षात घ्यावे लागते. पेशीतील सुसंगत यंत्रणा, प्राण्यांतील अनुकूल निष्कर्ष आणि एक लहान यशस्वी चाचणी एवढी सामग्री हाती असूनही अंतिम उत्तर वेगळे येऊ शकते, हा त्यातील धडा होय.

८. अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्तता

हा विषय एका विद्याशाखेत मावणारा नाही. रसायनशास्त्राचा विद्यार्थी संहतीचे गणित मांडू शकतो. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी उंदीर व मानव यांतील भेद तपासू शकतो. संख्याशास्त्राचा विद्यार्थी सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांत फरक करू शकतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी चिंताविकार स्वतःच दाहजनक घटकांच्या वाढीशी निगडित असल्याने औषधाचा परिणाम व विकारातील सुधारणा वेगळी कशी करावी, हा प्रश्न उपस्थित करू शकतो. कोणताही शोधनिबंध वाचताना पेशी मानवी होत्या काय, संहती रुग्णाच्या रक्ताशी तुलनीय होती काय, ग्राही अडवून परिणाम नाहीसा होतो काय आणि पेशींची जीवनक्षमता टिकली होती काय, हे चार प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तरी बरेच साध्य होईल.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मानवी प्रतिकारक पेशींत चिंताशामक औषधांना ओळखणारी अनेक स्थाने आहेत, त्यामुळे त्यांचा प्रतिकारसंस्थेवरील परिणाम तत्त्वतः शक्य आहे.

२) हा परिणाम सर्व औषधांत एकसारखा नाही. औषध, पेशीचा प्रकार, ग्राहीचे उपघटक आणि संहती यांनुसार तो दाहशामक, दाहवर्धक किंवा नगण्य असू शकतो.

३) संवर्धन-पात्रातील अनेक निष्कर्ष उपचाराच्या मात्रेहून कितीतरी अधिक संहतीवर मिळालेले असल्याने त्यांचा रुग्णांशी थेट संबंध जोडता येत नाही.

४) दाहशमन हा लाभ की हानी, हे रुग्णाच्या अवस्थेवर अवलंबून असते. संसर्गाच्या प्रसंगी तो हानिकारक ठरण्याची शक्यता गांभीर्याने घ्यावी लागते.

या निष्कर्षांच्या आधारे कोणीही आपले औषध स्वतःहून बंद करणे किंवा दाहशमनाच्या आशेने ते सुरू करणे सर्वथा अनुचित होय. दीर्घकाळ घेतलेले बेंझोडायझेपिन एकाएकी थांबविल्यास तीव्र अस्वस्थता व प्रसंगी झटके येऊ शकतात. ते वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळूच कमी करावे लागते. मेंदूसाठी म्हणून दिलेले औषध शरीरातील इतर पेशींशीही संबंध ठेवते, एवढे भान वैद्यकाने व अभ्यासकाने बाळगणे आवश्यक आहे. त्या संबंधाचे नेमके स्वरूप ठरविण्यासाठी उपचाराच्या मात्रेत, मानवी पेशींवर आणि प्रत्यक्ष रुग्णांवर काटेकोर अभ्यास होणे ही या क्षेत्राची आजची खरी गरज आहे.